तोंड ताणले म्हणजे ते स्वच्छ झाले, हे कोणी ठरवले?

गेल्या वैशाखात माझ्या दोन्ही गालांची साल निघू लागली. जळगाव जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे निदान मला तरी त्याचे कारण वेळेवर कळायला हवे होते. परंतु पारा ४५ अंशांच्या आसपास असताना स्कूटीवरून धूळ खात घरी यायचे, कोळसा घातलेल्या फेसवॉशने दिवसातून चार वेळा तोंड धुवायचे, कातडी ताणली गेली की ‘आता स्वच्छ वाटते’ म्हणून समाधान मानायचे आणि गाल जळजळले की दोष उन्हाला द्यायचा, असा माझा क्रम महिनाभर बिनबोभाट चालला. शेवटी सासूबाईंनीच विचारले, “इतलं तोंड कसाले धुवस व माय?”

उत्तर सापडेना, तेव्हा मी बाटली उलटी केली आणि मागचा बारीक मजकूर वाचला. पहिले नाव पाण्याचे होते आणि दुसरे सोडियम लॉरिल सल्फेटचे. त्वचेवर जळजळ कशी होते याचा अभ्यास करताना प्रयोगशाळेत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी जो पदार्थ वापरतात, तोच हा. ज्या कोळशाचे चित्र बाटलीच्या पुढे एवढे मोठे छापले होते, तो यादीत पार खाली होता.

तोंड धुण्याच्या कोणत्याही पदार्थात खरे काम सरफॅक्टंट करतो. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. अडचण अशी की मळाचे तेल कोणते आणि त्वचेचे स्वतःचे कोणते, हे त्या रेणूला कळत नाही. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा लेप असतो, भिंतीतल्या विटांमध्ये चुना असावा तसा. माझ्या बाटलीतल्या सोडियम लॉरिल सल्फेटसारखा कडक सरफॅक्टंट तो लेप खरवडतो आणि पेशींमधील प्रथिनांनाही चिकटतो. मग आतले पाणी उडून जाते आणि कातडी ताणते. ज्या ताणाला आपण स्वच्छता समजतो, तो ताण म्हणजे त्वचेची तक्रार आहे.

माझा मोह उतरल्यावर मी आमच्या प्रयोगशाळेतील पीएच पट्ट्या (पदार्थ आम्ल की अल्क ते रंगाने दाखवणाऱ्या; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) घेऊन घरातील सर्व साबणांची परीक्षा घेतली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो. अंगाच्या साबणाचा फेस लावताच पट्टी ९ ते १० च्या रंगाला गेली, आणि त्यात नवल काहीच नव्हते, कारण तेल व कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून बनणारा साबण अल्कधर्मीच असणार. यावरून आठवले. साबणाच्या वेष्टनावरील टीएफएमचा, म्हणजे एकूण मेदद्रव्याचा, आकडा पाहून साबण सौम्य की कडक ते ओळखा, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात टीएफएम ७६ टक्के किंवा त्याहून अधिक लागते, हे खरे आहे. मात्र तो आकडा साबणात मेदद्रव्य किती आहे एवढेच सांगतो. ७६ टक्क्यांचा साबणसुद्धा अल्कधर्मीच राहतो.

आपल्याकडे यात बोअरच्या जड पाण्याची भर पडते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट चिकट थर तो हाच, आणि थोडाफार तो चेहऱ्यावरही राहतोच. त्यामुळे बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी चेहऱ्यापुरता तरी साबण सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोडियम कोकोइल आयसेथिओनेटवर आधारलेल्या ज्या वड्या मिळतात, त्या दिसायला साबणासारख्या असल्या तरी साबण नव्हेत. त्यांना सिंडेट म्हणतात. त्यांचा पीएच त्वचेच्या बराच जवळ ठेवता येतो आणि जड पाण्यात त्यांचा तसा साका होत नाही.

बाटलीतील क्लेन्झर घ्यायचा असेल तर मी यादीतील पहिली चार-पाच नावे वाचते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, फक्त १ टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. पाण्यानंतर ग्लिसरीन किंवा कोकामिडोप्रोपिल बिटेन, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड असे सौम्य सरफॅक्टंट दिसले की मला बरे वाटते. केशर, कोरफड, मध यांची नावे कोठे आहेत ते पाहण्याची एक युक्ती आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक (माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते) जास्तीत जास्त १ टक्का वापरता येते, म्हणून त्याच्या नंतर केशर आले तर ते नावापुरतेच समजावे. ‘सल्फेट-फ्री’ या शिक्क्यावरही मी भुलत नाही, कारण सल्फेट टाळून त्याजागी घातलेले ओलेफिन सल्फोनेट काही कमी कडक नसते. उलट यादीत सीटाइल किंवा सीटेरिल अल्कोहोल दिसले म्हणून बाटली परत ठेवणारेही भेटतात. ते मेणासारखे मऊ द्रव्य आहे, कातडी कोरडी करणारे अल्कोहोल वेगळे. ज्यांची त्वचा पटकन लाल होते त्यांनी सुगंधविरहित घ्यावे, कारण ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे अनेक रसायने दडलेली असू शकतात.

तरीही सौम्य म्हणजे सर्वांना सोसणारे, असे नव्हे. मी वर ज्याची स्तुती केली त्याच कोकामिडोप्रोपिल बिटेनला अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ मध्ये ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवले होते. म्हणून नवी बाटली आधी काही दिवस जबड्याच्या कडेला लावून पाहावी, आणि पुरळ किंवा लाली हटत नसेल तर दुकानदाराचा सल्ला न घेता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

‘रसायनेच नकोत, घरचेच वापरू’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना बेसनाबद्दल माझी हरकत नाही, फक्त ते बारीक चाळलेले असावे आणि जोर लावून चोळू नये. लिंबाला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्याचा पीएच २ च्या जवळपास असतो, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. खान्देशात ऊन कधी पडत नाही?

मी स्वतः आता सकाळी साध्या पाण्याने आणि संध्याकाळी एकदाच क्लेन्झरने तोंड धुते, हलकेच टिपते आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावते. गाल तीन आठवड्यांत पूर्ववत झाले. कोळशाच्या उरलेल्या फेसवॉशने स्कूटीची सीट धुतली, ती मात्र लख्ख निघाली.

परवा धुळ्याहून भाचीचा संदेश आला, “मावशी, हे चालेल का?” तिने बाटलीच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता, त्यावर गुलाबाची पाकळी आणि पाण्याचे थेंब होते. मी मागच्या बाजूचा मागवला. पाणी, ग्लिसरीन, कोको ग्लुकोसाइड, बिटेन, आणि सुगंध कोठेच नाही. मी “घे” एवढेच लिहिले.