थायरॉईडची गाठ आणि केंद्रकाची मोजपट्टी

"थायरॉईडच्या गाठीतून सुईने पेशी काढायच्या, कॉम्प्युटरने त्यांच्या केंद्रकांचं क्षेत्रफळ मोजायचं. आकडा रेषेच्या वर गेला तर कॅन्सर, खाली राहिला तर साधी गाठ. तरी डॉक्टर अर्धी ग्रंथी कापतात!" हा मजकूर मला आठवड्याभरात तीन नातेवाइकांनी पाठवला. माझा दिवस याच स्लाइड बघण्यात जातो, तेव्हा एकेका वाक्याला उत्तर देते.

"केंद्रक मोठं म्हणजे कॅन्सर." हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. थायरॉईडच्या कॅन्सरांमध्ये सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी कॅन्सर केंद्रकावरूनच ओळखतात. स्लाइडवरची तांबडी रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची, ती आमची आयती फूटपट्टी. निरोगी थायरॉईड पेशीचं केंद्रक जवळपास तेवढंच आणि गोल. पॅपिलरीत ते फुगतं, लांबट होतं, शेजारच्यावर चढतं. मोजलं तर सरासरीत फरक दिसतो, यात वाद नाही. पण समोरच्या एका पेशंटचा आकडा दोन्ही गटांच्या मधल्या सरमिसळीत पडला की सरासरी काय कामाची? हाशिमोटोच्या आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडवरच उलटते तेव्हा, केंद्रकं मोठी होतात. हर्थल पेशींच्या, म्हणजे थायरॉईडमधल्या मोठ्या, दाणेदार पेशींच्या, साध्या गाठीतही होतात. रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचं औषध, घेतलेल्या ग्रंथीत तर काही केंद्रकं अशी अवाढव्य दिसतात की नवशिका घाबरेल. कॅन्सर मात्र नसतो.

शिवाय पॅपिलरी म्हणताना मी नुसता आकार बघत नाही. गव्हाच्या दाण्यावर असते तशी उभी खाच शोधते. पेशीद्रव केंद्रकात घुसून तयार झालेला, कडा रेखीव असलेला गोल शोधते. क्षेत्रफळाच्या आकड्यात यातलं काहीच उतरत नाही.

"मशीनचा आकडा खोटं बोलत नाही." मशीन स्लाइडवर जे आहे ते मोजतं, आणि स्लाइड माणूस बनवतो. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पेशींचा थर, हवेत वाळवला की पेशी पसरतात, केंद्रकं मोठी दिसतात. लगेच अल्कोहोलमध्ये बुडवला की तीच लहान. एका लॅबची रेषा दुसरीकडे जशीच्या तशी लावता येत नाही ती यामुळे. आणि मोजायला कोणत्या पेशी घ्यायच्या? तेही कोणीतरी ठरवलेलंच असतं.

"मग ऑपरेशन कशाला?" खरी गोची इथे आहे. फॉलिक्युलर अडिनोमा ही साधी गाठ आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा हा कॅन्सर, या दोघांच्या पेशी अगदी सारख्या दिसू शकतात. गाठीभोवतीचं कवच पेशींनी भेदलंय का, त्या रक्तवाहिनीत शिरल्यात का, यावर निदान ठरतं. सुईत पेशी येतात, कवच येत नाही. म्हणून सुईच्या तपासणीचे रिपोर्ट ज्या बेथेस्डा पद्धतीने देतात, तिच्या सहा वर्गांपैकी चौथ्यात, 'फॉलिक्युलर निओप्लाझम'मध्ये, बरेचदा गाठ असलेली बाजू काढावी लागते आणि कवचाचे तुकडे करून ते सगळीकडून तपासावं लागतं. केंद्रक कितीही बारकाईने मोजा, तिथे नसलेली माहिती तिथून कशी मिळणार?

उलट बाजूचंही उदाहरण आहे. काही गाठींची केंद्रकं पॅपिलरीसारखी, पण गाठ कवचात बंद आणि कुठेही न घुसलेली. या गाठींना कॅन्सरच म्हटलं जायचं. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यांच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्द काढला. या गाठी ओळखताना केंद्रकांना ० ते ३ गुण देतात: आकार, कडा आणि क्रोमॅटिन (केंद्रकाच्या आतला डीएनएचा पसारा), प्रत्येकी एक. म्हणजे आकाराला तीनातला एकच गुण, आणि तेवढ्यावरही भागत नाही. गाठ अख्खी काढून कवच बघितल्याशिवाय हे नवं नाव देता येत नाही.

मोजमाप टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. तिसऱ्या वर्गात, जिथे पेशी थोड्या विचित्र दिसतात पण ठामपणे काही म्हणवत नाही आणि दोन पॅथॉलॉजिस्टची मतंही जुळत नाहीत, तिथे असा आकडा जोडीला असला तर मला हवाच आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टशेजारी ठेवून मी तो वाचेन.