प्रकाशकाचं उत्तर: भीती न वाटलेली देवदूतांची कादंबरी

नमस्कार. मुखपृष्ठावर ‘काळोखी गॉथिक’ वाचून पुस्तक घेतलं, पण भीती वाटलीच नाही, देवदूत म्हणजे पंख लावलेले देखणे तरुण आणि मध्येच एक प्रसंग दोनदा येतो, असं लिहून तुम्ही एक तारा दिलात.

दोनदा आलेल्या प्रसंगाचा दोष छपाईचा आहे. पुस्तक १६ पानी फर्म्यांत, म्हणजे मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेल्या १६-१६ पानांच्या जुड्यांत छापलं जातं. तुमच्या प्रतीत ९७ ते ११२ हा सातवा फर्मा दोनदा लागलाय, ११३ ते १२८ हा आठवा राहून गेलाय. बाइंडिंगला फर्मे जुळवताना एकाच थप्पीतून दोनदा उचललं की असं होतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर काळी खूण असते आणि जुळवलेल्या फर्म्यांच्या पाठीवर त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. पायरी चुकलेली शिलाईआधीच दिसायला हवी होती. देवदूत नायकाचं पतन का झालं, ते नेमकं त्या हरवलेल्या १६ पानांत आहे. त्यामुळे पुढचा पश्चात्ताप तुम्हाला उगाचचा वाटला असणार.

‘गॉथिक’, म्हणजे गूढ, भयाच्या छायेतली कथा, हे लेबलही आमचंच, आणि चुकलंच. गॉथिक कादंबरीकार अ‍ॅन रॅडक्लिफ यांचा १८२६ साली छापून आलेला निबंध धास्ती (टेरर) आणि भयाने गोठवणारा थरकाप (हॉरर) वेगळे करतो: धास्ती अंधुक, अनिश्चित गोष्टीची असते. इथे नायकाच्या जखमा दुसऱ्याच प्रकरणात आपोआप भरतात. त्याला काही होणार नाही हे कळल्यावर मठ, मेणबत्त्या, पाऊस हे सगळं नेपथ्यच उरतं. पुढच्या छपाईत ‘अद्भुत प्रेमकथा’ असं जाईल.

देखणेपणाबद्दल मात्र थोडा मतभेद. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या दर्शनातले सराफीम नावाचे स्वर्गीय जीव सहा पंखांचे, यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातले करूब चार तोंडांचे, त्यांची चाकं डोळ्यांनी भरलेली. तुमची अपेक्षा तिथली दिसते. लेखिकेने आधार घेतलाय तो हनोखचं पुस्तक या प्राचीन ज्यू ग्रंथाचा. त्यात २०० देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात आणि माणसांच्या मुलींशी लग्नं करतात, म्हणून ते माणसासारखे. पण त्याच पुस्तकात त्यांच्यातला अजाजेल माणसांना तलवारी घडवायला आणि पापण्या रंगवायला शिकवतो. खरा काळोख तिथे आहे, आणि कादंबरीने तो धागा सोडला, म्हणून भीती न वाटल्याची तुमची तक्रार रास्तच.

११२ नंतर उघडणाऱ्या पानाचा फोटो पाठवा, नवी प्रत येईल. सदोष प्रत परत नको. तारा बदला असं म्हणणार नाही, फक्त आठवा फर्मा वाचून पाहा.