पाच तासांच्या झोपेवर आयर्नमॅनची तयारी होत नाही

धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश दर हंगामात नव्याने फिरतो. गोषवारा असा: दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात, त्यामुळे नोकरी ही निव्वळ सबब. झोप पाच तासांवर आणा, शरीराला सवय होते. पहाटे एक सेशन, ऑफिसनंतर दुसरं, आठवड्याला वीस तास भरलेच पाहिजेत. बुडालेलं सेशन रविवारी भरून काढा. विश्रांतीचा दिवस म्हणजे आळस. आणि रेसच्या आधीचे दोन आठवडे जिवाचं रान करा.

नोकरी सांभाळून ट्रायथलॉन (एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि धावणं) करता येतं, एवढं यातलं खरं आहे. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, झाली, ती जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली आणि जिंकला गॉर्डन हॅलर, टॅक्सी चालवणारा. पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्यांनीच ही शर्यत सुरू केली. माझं भांडण आहे ते संदेशातल्या वाटेशी, कारण त्या वाटेने गेलेली चांगली, जिद्दी माणसं मी हंगामाच्या मध्यावरच फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर पाहिली आहेत.

सगळ्यात घातक वाक्य झोपेचं आहे. शरीराला सवय होते म्हणे! २००३ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी माणसांना सलग चौदा दिवस चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं आणि रोज त्यांच्या सतर्कतेच्या चाचण्या घेतल्या. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला पोहोचली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपली अवस्था इतकी बिघडली आहे हे त्यांना स्वतःला जाणवतच नव्हतं. सवय होते ती थकव्याकडे दुर्लक्ष करण्याची. थकवा जिथल्या तिथेच असतो.

आता हीच व्यक्ती शनिवारी पहाटे जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर, झुकून ताशी तीसच्या वेगाने चालली आहे, असं डोळ्यांसमोर आणा. कोपरं पॅडवर, ब्रेक हातापासून दूर, उजवीकडून ट्रक घासून जातोय आणि पुढे खड्डा. त्या अर्ध्या सेकंदात मेंदू जागा असायला हवा. मला हा मुद्दा वेळेपेक्षा आणि मेडलपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

अपघात टळला तरी शरीर किंमत वसूल करतंच. १९९९ साली शिकागोत तरुण, धडधाकट पुरुषांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता स्पष्ट खालावली. २०१५ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली. व्यायामासाठी झोपेतला एक तास कापायचा आणि मग आठवडाभर खोकत बसायचं, हा हिशेब कुठल्याच प्लॅनमध्ये बसत नाही.

चोवीस तास सगळ्यांना सारखेच, हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण विरारहून चर्चगेटला लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्याचे चोवीस तास आणि घरून काम करणाऱ्याचे चोवीस तास सारखे कसे? पहाटे पोहून आल्यावर ज्याच्या हातात गरम डबा येतो, त्याने तो डबा बनवणारीला, तीही धावत असेल तर, तासांचा हिशेब शिकवू नये. आमच्या भागातल्या कितीतरी बायका मुलांच्या शाळेची रिक्षा गेल्यावर, उरलेल्या पाऊण तासात धावून येतात. त्यांना शिस्तीचे धडे देण्याऐवजी घरातल्या कुणीतरी आठवड्यातून तीन दिवस कणीक मळली तर त्यांची वेळ नक्की सुधारेल.

शिवाय ऑफिसचं काम म्हणजे विश्रांती नव्हे, खुर्चीत बसून केलं तरी. मार्चअखेरीचं बँकेतलं काम, रात्री अकराला येणारा क्लायंटचा कॉल, हे सगळं त्याच शरीराला सोसायचं असतं. टेक्सासमधल्या एका अभ्यासात व्यायामाच्या कठीण सत्रानंतर चार दिवस विद्यार्थ्यांची ताकद मोजली. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त, त्यांची ताकद उशिरा परतली. म्हणून ऑफिसात ओढाताण असलेल्या आठवड्यात ट्रेनिंग कमी करणं हाच शहाणपणा.

वीस तासांचा आग्रह व्यावसायिक खेळाडूंकडून उचललेला आहे. त्यांची दुपार झोपेत जाते, मसाज आणि जेवण हा त्यांच्या नोकरीचाच भाग असतो. आयर्नमॅनच्या अर्ध्या अंतरासाठी, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं, माझ्या मते आठ-नऊ तास नीट वापरले तर पुरतात. सोमवार सुट्टी. मंगळवारी आणि शुक्रवारी पाऊण तास पोहणं. बुधवारी होम ट्रेनरवर (घरात सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) एक तास, त्यात आठ-आठ मिनिटांचे चार जोराचे तुकडे. गुरुवारी पाऊण तास सावकाश रन. शनिवारी तीन तासांची राइड आणि उतरल्या उतरल्या वीस मिनिटं रन, रविवारी दीड तास लाँग रन. जोराचं खरं काम बुधवारी, बाकी गप्पा मारता येतील अशा गतीने. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सत्रं अशीच सोपी निघाली. आपल्याकडे वेळ कमी म्हणून प्रत्येक सेशन ना धड सावकाश, ना धड जोरात होतं, आणि पाय कायम जड राहतात.

बुडालेलं सेशन बुडालं. रविवारी दोन रन एकत्र केले तर दम टिकेल, कारण हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात. नडगीचं हाड आणि टाच यांना बराच जास्त वेळ लागतो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताण साठून हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा, असेच होतात.

विश्रांतीला आळस म्हणणाऱ्यांनी रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजावी. नेहमी ५४ असणारी नाडी सलग तीन दिवस ६२ लागली, जेवण जात नाही, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते आहे, तर त्या दिवशी बूट घालू नयेत. पाळी चुकायला लागली तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका; खाणं कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असते, डॉक्टरांना गाठा. आणि तापात ट्रेनिंग अजिबात नाही. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असेल, तर तेव्हाचा जोर जिवावर बेततो.

राहिले शेवटचे दोन आठवडे. २००७ साली टेपरवरच्या, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग कमी करण्यावरच्या, अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले. सर्वात चांगला निकाल मिळाला तो दोन आठवड्यांत ट्रेनिंगचे तास ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करून, वेग मात्र तसाच ठेवणाऱ्यांना. त्या पंधरवड्यात नवी ताकद कमावता येत नाही, साठलेला थकवा तेवढा उतरवता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ध्या आयर्नमॅनसाठी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहणार असाल, तर आठ तासांचे आधी पाच करा, मग साडेतीन. बुधवारचे जोराचे तुकडे चाराऐवजी दोन, पण त्याच वेगाने. सुटलेले तास झोपेला द्या, आणि ऑफिसच्या रजेचा अर्ज रेसच्या आदल्या दोन दिवसांसाठी टाका.