बाहेरची तार तुटेपर्यंत दोर चांगलाच असतो? वायर रोपच्या चुंबकीय चाचणीवरच्या आक्षेपांना उत्तर

‘वायर रोप तुटण्याआधी बाहेरची तार तुटतेच. फडक्याने पुसा, व्हर्निअरने जाडी मोजा, ग्रीस मारा, बस. चुंबकीय चाचणी हे मशीन विकणाऱ्यांचं खूळ आहे. ग्रीस असलं की ते चालत नाही, चुंबकाने दोर बिघडतो, त्याचा आलेख कोणाला कळत नाही, आणि इटलीत तर पास झालेला दोरही तुटला.’ क्रेन, खाण, रोपवे, जिथे पोलादी दोर आहे तिथे हे या ना त्या रूपात ऐकू येतं आणि पुढेही पाठवलं जातं. चुंबकीय चाचणी म्हणजे दोर यंत्राच्या चुंबकी डोक्यातून सरकवायचा आणि आत पोलाद किती घटलंय, तार कुठे तुटलीय, ते आलेखावर बघायचं. या आक्षेपांतला एकेक मुद्दा घेऊ. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, तेही सांगू.

‘बाहेरची तार आधी तुटतेच’

६×३६ बांधणीचा दोर घ्या. सहा स्ट्रँड (तारांच्या वळलेल्या लडी), प्रत्येकात ३६ तारा, म्हणजे २१६ तारा, शिवाय मधला गाभा. एका स्ट्रँडच्या बाहेरच्या थरात १४ तारा असतात. म्हणजे ८४ तारा स्ट्रँडच्या पृष्ठभागावर आणि १३२ आत. त्या ८४ सुद्धा पिळाबरोबर फिरत आत जातात, गाभ्याला घासतात आणि पुन्हा वर येतात. फडकं लावून जे दिसतं ते दोराचं साल आहे.

सुताचा गाभा सुकला की स्ट्रँड एकमेकांवर टेकतात, आणि जिथे टेकतात तिथे तारांना खाचा पडतात. तारा तुटतात त्या या दोन स्ट्रँडच्या मधल्या घळीत. तुटलेलं टोक बाहेर येत नाही, त्यामुळे फडक्यात अडकत नाही. ओझं फिरू नये म्हणून वापरतात त्या बहुथरी दोरांत आतले आणि बाहेरचे स्ट्रँड उलट दिशेने वळलेले असतात. तिथे एकमेकांना छेदणाऱ्या तारा आधी आतच तुटतात. दोर फक्त प्लॅस्टिकच्या पुल्यांवरून चालत असेल तर बाहेर काही दिसण्याआधी आत पुष्कळ तारा गेलेल्या असतात. म्हणूनच क्रेनच्या दोरांसाठीच्या आयएसओ ४३०९ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा दोरांसाठी तुटलेल्या तारा मोजून दोर काढण्याचा निकषच दिलेला नाही.

गंजाचं तर विचारूच नका. साखर कारखान्यातली ऊस उतरवणारी क्रेन गळीत हंगाम संपला की उभी राहते आणि पुढचे महिने पावसाळ्यात काढते. दोर चालला नाही म्हणजे झिजला नाही, असा हिशेब केला जातो. पण गाभ्यात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, आणि वरून मारलेलं जाड ग्रीस त्याला आत कोंडून ठेवतं. इक्वलायझर पुलीवर (दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणारी पुली) बसलेला तुकडा तर वर्षभर जागचा हलत नाही आणि कोणाच्या नजरेसही पडत नाही. हंगाम सुरू होण्याआधी निदान तो तुकडा पुलीवरून सरकवून बघावाच.

‘व्हर्निअरने आतलं कळतं’

काही वेळा कळतं. गाभा बसला की व्यास घटतो, आणि त्यासाठी मानकात मर्यादा आहेत: सुताच्या गाभ्याच्या दोराला नाममात्र व्यासाच्या १० टक्के, पोलादी गाभ्याला ७.५ टक्के, ओझं फिरू न देणाऱ्या बहुथरी दोराला ५ टक्के. घट मोजायची ती मात्र दोर सुरुवातीला थोडा चालल्यावर घेतलेल्या मापापासून, कारण नवा दोर नाममात्र मापापेक्षा थोडा जाडच येतो.

पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आत तार खाल्ली जाते, तिच्या जागी गंज फुगतो आणि व्हर्निअर तेच माप दाखवतं. व्यास तेवढाच, पोलाद कमी. चुंबक नेमकं हे पोलाद मोजतं, कारण गंज चुंबकीय प्रवाह पोलादासारखा वाहून नेत नाही.

‘ग्रीस असलं की चालत नाही’

ग्रीस चुंबकाच्या वाटेत येत नाही, जस्ताचा मुलामाही येत नाही. अडचण होते ती ग्रीसमध्ये अडकलेल्या लोखंडी किसाची आणि यंत्राच्या डोक्यातल्या बुशात (ज्या नळीतून दोर सरकतो तिच्यात) अडकणाऱ्या ग्रीसच्या गोळ्यांची. तेवढं पुसून घ्यावं. खरी मर्यादा वेगळीच आहे: ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचा दोर या पद्धतीने तपासता येत नाही, कारण तो नीट चुंबकतच नाही.

‘चुंबकाने दोर बिघडतो’

तारेची ताकद तिच्या धातूच्या घडणीतून आणि ओढाईतून येते. चुंबकाने त्यात फरक पडत नाही. दोरात थोडं चुंबकत्व मागे उरतं आणि त्याला कीस चिकटतो, म्हणून चाचणीनंतर दोर पुसून घ्यावा. इतकंच.

उलट हे उरलेलं चुंबकत्व चाचणी घेणाऱ्यालाच सांभाळावं लागतं. बिजागरीवर उघडणारं डोकं दोराभोवती बंद करतात. दोराच्या व्यासाचं बुश घालतात आणि डोकं साखळीने पक्क्या चौकटीला बांधतात, म्हणजे डोकं स्थिर राहतं आणि दोर त्यातून सरकतो. पहिली फेरी फक्त दोर एकसारखा चुंबकित करण्यासाठी. तिचा आलेख वाचायचा नसतो. दुसरी आणि तिसरी फेरी त्याच दिशेने, एकाच वेगाने घ्यायची. दोन्ही आलेखांत एकाच मीटरवर आलेली खूण खरी, एकातच आलेली असेल तर दोर हिसकला असं समजावं. मोजणी जिथून सुरू होते ती शून्याची खूण दोरावर खडूने नाही, चिकटपट्टीने करावी, खडू ग्रीसवर टिकत नाही. आणि डोकं बंद करताना बोटं सांभाळा, दोन अर्धे झटक्यात मिटतात. पेसमेकर बसवलेल्या माणसाला हे काम देऊ नये.

‘आलेख कोणाला कळतो?’

शिकला की कळतो. दोन रेघा असतात. एक पोलादाचं क्षेत्रफळ किती घटलं ते दाखवते, दुसरी एखाद्या जागचा दोष: तुटलेली तार, खड्डा. दुसऱ्या रेघेवर सुटे टोकदार काटे आणि पहिली रेघ सपाट असेल, तर तारा तुटल्यात पण पोलाद जागेवर आहे. पहिली रेघ हळूहळू खाली वाकली आणि दुसरी शांत राहिली, तर घासून झीज झाली. पहिली खाली आणि दुसरीवर दाट गवत उगवल्यासारखं दिसलं, तर तो गंज. हा तिसरा आलेख दिसला की दोर उघडून बघितल्याशिवाय क्रेन चालू करू नये.

‘मशीन अमुक टक्के दाखवतं आणि उघडल्यावर काही निघत नाही’, ही तक्रार बहुतेक वेळा कॅलिब्रेशन न करण्यातून येते. पद्धत साधी आहे. २० मिमीच्या पोलादी गाभ्याच्या दोरात पोलादाचं क्षेत्रफळ साधारण १८४ चौ. मिमी असतं. २ मिमीची साधी पोलादी तार, डोक्यापेक्षा लांब कापून, दोराला चिकटपट्टीने लावा. तिचं क्षेत्रफळ ३.१४ चौ. मिमी, म्हणजे सुमारे १.७ टक्के. डोकं तिच्यावरून गेलं की रेघ तितकीच वर उडाली पाहिजे. उडाली नाही तर त्या दिवशीचे आकडे कागदावर लिहू नका. दोर नवा असतानाच एक आलेख काढून ठेवला तर पुढची प्रत्येक तुलना सोपी होते. आपल्याकडे हेच सर्वांत कमी केलं जातं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. क्षेत्रफळ ५ टक्के घटलं म्हणजे ताकद ५ टक्केच घटली, असं नाही. ‘उरलेलं आयुष्य इतके महिने’ असा आकडा कोणी आलेखावरून देत असेल तर त्यावर सही करू नये.

‘इटलीत पास झालेला दोरही तुटला’

हे खरं आहे. मोत्तारोनेच्या रोपवेवर २३ मे २०२१ रोजी ओढदोर तुटला. आणीबाणीचा ब्रेक अडकवून निकामी करून ठेवलेला असल्याने केबिन मागे सुसाट गेली आणि १४ जणांचा जीव गेला. त्या दोराची चुंबकीय चाचणी नोव्हेंबर २०२० मध्ये झाली होती. पण दोर तुटला तो केबिनला जोडणाऱ्या सॉकेटच्या (दोराचं टोक ज्यात पक्कं बसवतात त्या पोलादी खोबणीच्या) तोंडाशी. तिथे डोकं बसतच नाही, आणि शेजारच्या जाड पोलादामुळे जवळचा आलेखही बिघडतो. तो भाग डोळ्यांनी, वरचेवर बघायचा असतो.

आता दुसरी घटना. लिस्बनची ग्लोरिया फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी ट्राम) ३ सप्टेंबर २०२५ रोजी कोसळली, १६ जण गेले. दोर ६०० दिवसांसाठी ठरवलेला होता आणि ३३७ दिवस वापरात होता. त्याच सकाळी डोळ्यांनी केलेल्या तपासणीत काही दिसलं नव्हतं. दोर तुटला तो डब्याच्या जोडणीच्या आत, जो भाग खोलल्याशिवाय दिसत नाही. इटलीवरून चुंबक निकामी ठरवायचं, तर लिस्बनवरून डोळेही निकामी ठरवावे लागतील.

टोकांचा उपाय आपल्या खाणींना जुना माहीत आहे. माणसं नेणाऱ्या दोराचं कॅपिंग (टोकाची जोडणी) ६ महिन्यांच्या आत नवं करायचं आणि त्या वेळी टोकाचा तुकडा कापून टाकायचा. क्रेनच्या दोरालाही सॉकेटच्या मानेशी ग्रीस पूर्ण काढून बघावं: तांबूस पाणी झिरपतंय का, तार उचललीय का. जोडणीपाशी २ तारा तुटलेल्या आढळल्या तर तो दोर चालवायचा नाही. लांबी पुरत असेल तर खराब टोक कापून सॉकेट नव्याने भरायचं, नसेल तर दोर उतरवायचा.