"4 टक्क्यांनी कर्ज मिळतं, गोंयकारच आळशी" म्हणणाऱ्यांसाठी

गेले पंधरा दिवस हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोय. शेतीधंद्याला 4 टक्क्यांनी कर्ज, तारण नको, वर 35 टक्के सबसिडी फुकट, तरी गोंयकार (गोव्याचा माणूस) काही करत नाही, आळशी, असं त्यात लिहिलंय. माझं गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूबिया भाजून फोडायचं छोटं युनिट आहे, त्यामुळे वाचून डोकं फिरलं.

आधी ते 4 टक्के. हा दर किसान क्रेडिट कार्डवरच्या पीककर्जाचा, तो पण 3 लाखांपर्यंत (2025 च्या बजेटात 5 लाख करू म्हटलंय), आणि मुळात दर 7 टक्के, वेळेत फेडलं तर 3 टक्के सूट. बागेत खत घालायला, बेणणी करायला कार्ड चालतं, 2019 पासून गुरंवाल्यांना आणि मासेवाल्यांना पण मिळतं. पण भट्टी, कटिंग मशीन, पॅकिंग हे काय पीक आहे? तिथे टर्म लोन, बँकेच्या दराने.

शेतीकर्जाला तारण नको, हे 2 लाखांपर्यंत खरं आहे, 1 जानेवारी 2025 पासून, आधी 1.6 लाख होतं. पण तारण नको म्हणजे कागद नको असं नव्हे ना! आमच्या एक-चौदाच्या (म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस धरले तर तीन काका, दोन आत्या, त्यातला एक काका पोर्तुगालला, आणि बँकेला सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. कोमुनिदादची, म्हणजे गावकीची सामायिक जमीन कसणारा किंवा भाटकाराची (जमीनमालकाची) बागायत तोंडी बोलीवर घेतलेला माणूस तर काउंटरवरूनच परत. गंमत म्हणजे कुळं, तोंडी करारावर कसणारे, बटाईवाले हे सगळे किसान कार्डाच्या नियमात बसतात, चार ते दहा जणांचा गट करून पण कर्ज घेता येतं, पण हे शाखेत आपणच सांगायचं आणि वर "तुम्हाला फार माहिती आहे" हे ऐकायचं.

35 टक्के फुकट? ती पीएमएफएमई, छोट्या अन्नप्रक्रिया युनिटांसाठीची केंद्राची स्कीम, जास्तीत जास्त 10 लाख, आणि कर्ज मंजूर झालं तरच. 10 टक्के आपल्या खिशातून घालायचे, सबसिडी हातात येत नाही, वेगळ्या खात्यात पडून राहते आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले, युनिट चालू राहिलं, तर कर्जात वळती होते. स्कीम चांगली आहे, मी नावं ठेवत नाही, पण फुकट म्हणू नका.

आता आळशीपणा. आमचा धंदा असा की बिया येतात मार्च ते मे, त्या तीन महिन्यांत वर्षभराचा माल रोख देऊन भरायचा आणि विकायचा चतुर्थी, दिवाळी, नाताळपर्यंत. पैसा लागतो तो एप्रिलात. मी फाइल जानेवारीत दिली, एकदा कोटेशन जुनं म्हणून परत, एकदा मॅनेजरची बदली, मंजुरीचा फोन आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता, मग त्या पैशांनी काय आळंबी घेऊ?

एक मात्र कबूल, आपल्यातले बरेच जण हिशेब वहीत पण लिहीत नाहीत, सगळं रोखीत, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट असून केलेली नसते, आणि मग बँकेला धंदा दिसतच नाही. पहिल्यांदा माझी पण फाइल त्यावरूनच अडली होती.

यंदाच्या बिया शेवटी बायकोच्या बांगड्या ठेवून भरल्या. गोल्ड लोन एका दुपारी मिळालं, एक-चौदा कोणी विचारला नाही.