राणी दिसली म्हणजे लाख मिळाले? जुन्या तिकिटांच्या 'खुणां'ची झाडाझडती

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा निरोप थोडक्यात असा: घरातली जुनी पाकिटं काढा. तिकिटावर राणी असेल तर ते 1854 चं. कडेला दाते नसतील तर दुर्मिळ. चित्र कॅटलॉगशी जुळलं की ओळख पटली. शिक्का बसलेला असेल तर मोल शून्य. 'सर्व्हिस' छापलेलं असेल तर लाखोंचं. आणि सगळ्यात आधी तिकीट पाण्यात भिजवून सोडवा. यातलं एकही विधान जसंच्या तसं घेता येत नाही.

राणीपासून सुरुवात करू. भारतीय तिकिटांवर व्हिक्टोरिया 1854 ला आली आणि 1902 मध्ये राजा सातव्या एडवर्डची तिकिटं येईपर्यंत राहिली. म्हणून चेहऱ्याआधी मजकूर वाचावा. 1854 ची तिकिटं कलकत्त्यात छापलेली. त्यांवर रोमन अक्षरांत वर फक्त 'इंडिया' आणि खाली किंमत. छपाई लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेल्यावर 'ईस्ट इंडिया पोस्टेज' आलं आणि 1882 पासून त्यातलं 'ईस्ट' गळालं. आशियातलं पहिलं तिकीट, म्हणजे 1 जुलै 1852 चं सिंध डाक, त्यावर तर राणी नाहीच; ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह आहे.

दात्यांचं म्हणावं तर 1854 ची सगळीच तिकिटं बिनदात्यांची होती, तेव्हा तेवढ्यानं काही ठरत नाही. नंतरच्या काळातलं बिनदात्यांचं तिकीट हाती आलं तर दोन शंका घ्याव्यात. पहिली, कुणीतरी कात्रीनं दाते छाटले असतील. तसंच दात्यांचं तिकीट शेजारी ठेवा. बिनदात्यांचं खरं तिकीट त्याहून रुंद आणि उंच भरायला हवं. एकमेकांना चिकटून असलेल्या दोन तिकिटांची न कापलेली जोडी असेल तरच पुरावा भक्कम. दुसरी, तो तिकीट आधीच छापलेल्या पाकिटाचा किंवा पोस्टकार्डाचा तुकडा असेल. 1879 पासून निघालेल्या पाव आण्याच्या कार्डावर राणी छापलेलीच होती. कागद जाड लागला किंवा डोकं मागून उठून आलेलं दिसलं, की समजावं.

सगळ्यात जास्त फसवणारा दावा चित्र जुळण्याचा. पंचम जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट घ्या. लंडनची छपाई असेल तर वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेत, दर तिकिटाला एकच तारा. 1926 पासून नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं असेल तर ताऱ्यांची गर्दी. चित्र तेच, दातेही दोन्हीकडे 14, म्हणजे 2 सेंटिमीटरमध्ये 14 छिद्रं. त्यामुळे इथे दातेमापी काही सांगत नाही, पाठच पाहावी लागते. काळ्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बशीत तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब टाकावेत. तारे काही सेकंद गडद दिसतात आणि पेट्रोल उडालं की जातात. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. जाड शिक्क्याखाली तारा झाकला जातो. मग तिकीट थोडं तिरपं धरून पाहावं. फोटोग्रॅव्ह्युअरनं, म्हणजे छायाचित्रावरून कोरलेल्या साच्यानं, छापलेली तिकिटं मात्र या पेट्रोलात घालू नयेत, शाई सुटू शकते.

रंग वेगळा दिसला म्हणून छपाईची चूक सापडली असंही लोक धरून चालतात. उन्हात पिवळी छटा उडून हिरवं तिकीट निळसर होतं, नारिंगी रंग हवेतल्या गंधकानं काळवंडतो. यात छापखान्याचा काही दोष नाही.

शिक्क्यानं मोल जातं, हे तर उलटंच आहे. 1867 पर्यंत सिंगापुरात भारतीय तिकिटं चालत. तिथल्या टपालकचेरीच्या क्रमांकाचा 'बी 172' हा शिक्का असलेलं साधं तिकीटही संग्राहक शोधत असतात. एडन बंदराचा 124 तसाच. म्हणूनच पाकिटावरून तिकीट सोडवणं हा निरोपातला सर्वांत महागडा सल्ला. तारीख, मार्ग आणि दर एकत्र सांगणारं पाकीट अखंड ठेवावं. सुटा तुकडा असेल तरच कोमट पाणी, पंधरा-वीस मिनिटं, मग टिपकागदावर पालथं. 1883-84 ची ब्रिटनची जांभळी आणि हिरवी तिकिटं तर पाण्यात घालूच नयेत. त्यांचा रंग मुद्दामच कच्चा ठेवलेला होता.

राहिलं 'सर्व्हिस'. सरकारी टपालासाठी हा ठसा 1866 पासून वापरात आला, त्यामुळे अशी बहुतेक तिकिटं स्वस्तच मिळतात. अपवाद 15 ऑगस्ट 1948 च्या गांधींच्या चार तिकिटांचा: गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी फक्त 100 संचांवर 'सर्व्हिस' छापलं होतं. बनावट ठसे म्हणूनच याच तिकिटांवर सर्वांत जास्त. दहापट भिंगाखाली पाहावं. ठशाची शाई टपालशिक्क्याच्या वर चढलेली असेल तर ठसा नंतर मारलेला आहे. मूळ तिकिटं स्विस कुर्वाझिए छापखान्याची, फोटोग्रॅव्ह्युअरनं छापलेली, दाते साडेअकरा. चित्रात चार रंगी ठिपक्यांची फुलं दिसली तर तिकीटच ऑफसेटची, म्हणजे आजच्या नेहमीच्या रंगीत छपाईची, नक्कल आहे. दोन्ही परीक्षांतून सुटलं तरी तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.