अन्नपूर्णेचे शिखर आणि लाशनाल यांची टिपणे

नेपाळमधील अन्नपूर्णा शिखरावरच्या फ्रेंच मोहिमेचे नेते मॉरिस हर्झोग यांचे ‘अन्नपूर्णा’ हे पुस्तक बनावट असून ३ जून १९५० रोजी ते आणि त्यांचे मोहिमेतील साथीदार लुई लाशनाल ८०९१ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पोहोचलेच नव्हते, आणि लाशनाल यांच्या टिपणांनीच हे उघडकीस आणले, असे गिर्यारोहणाच्या वर्तुळात ठामपणे सांगितले जाते. पुस्तकाबद्दलच्या काही तक्रारी रास्त आहेत. शिखराबद्दलचा निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

टिपणांपासूनच सुरुवात करू, कारण सारा दावा त्यांच्यावर उभा आहे. लाशनाल १९५५ मध्ये स्कीइंग करताना हिमभेगेत पडून मरण पावले. पुढच्या वर्षी त्यांचे लेखन छापले गेले तेव्हा हर्झोग यांच्या भावाने त्यातला टीकेचा भाग गाळला होता, तो १९९६ च्या आवृत्तीत परत आला. आपले पाय गोठत होते, एकटे असतो तर मागे फिरलो असतो, पण हर्झोग एकटे वर गेले तर परतणार नाहीत हे दिसत असल्याने सोबत गेलो, असे लाशनाल त्यात सांगतात. हा हर्झोग यांच्या हट्टावरचा ठपका आहे. शिखर गाठल्याचा इन्कार त्यात कुठेही नाही. शिवाय ‘मी परतलो तर तू काय करशील’ या आशयाचा लाशनाल यांचा प्रश्न आणि ‘एकटा जाईन’ हे उत्तर खुद्द हर्झोग यांच्याच पुस्तकात आहे. ज्या क्षणावर सारा वाद आहे, त्याबाबत दोघांच्या हकिकती जुळतात.

शिखरावरचे म्हणून छापलेल्या छायाचित्रात हर्झोग यांच्या मागे उतार आणखी वर जाताना दिसतो, हे खरे आहे. मात्र पुस्तकाप्रमाणे माथा म्हणजे दरीवर झुकलेली बर्फाची कड होती, आणि तसल्या कडेच्या टोकावर कोणी उभे राहत नाही. एका छायाचित्रावरून शेवटच्या काही मीटरांचा निवाडा कोणत्याच बाजूने होणार नाही.

मोहिमेच्या सदस्यांकडून पाच वर्षे काही न छापण्याचा करार लिहून घेतला होता, हे मला आजही खटकते. पण करार संपल्यावर मोहिमेतलेच लिओनेल तेरे यांनी १९६१ मध्ये स्वतःचे आत्मकथन लिहिले आणि त्यात या शिखराबद्दल शंका घेतली नाही. उतरून आलेल्या हर्झोग यांचा हात आनंदाने हाती घेताच तो बर्फासारखा गोठलेला आहे हे ज्यांच्या लक्षात आले, ते हेच तेरे. पुढे त्यांनी आपले मोठे बूट लाशनाल यांना देऊन त्यांच्या लहान बुटांत स्वतःचे पाय कोंबले.

हातमोजे उतारावरून घरंगळत गेले आणि पिशवीतले जादा पायमोजे हातात घालण्याचे सुचलेच नाही, हेही हर्झोग स्वतः लिहितात. नुसती वीरगाथा रचायला बसलेला माणूस एवढी लाजिरवाणी चूक कशाला नोंदवील?

आक्षेप घ्यायचा तर तो पुस्तकातल्या गुळगुळीत एकोप्यावर घ्यावा. लाशनाल हे फ्रेंच आल्प्समधल्या शामोनी गावचे व्यावसायिक गाईड होते, पायांवर पोट असलेले, आणि दोन्ही पायांची सगळी बोटे ते गमावून बसले. त्यांच्या टिपणांत आहे तो या नुकसानीचा हिशेब.